“साहेब, फ्रिज आडवा टाकू का?” : बिऱ्हाड हलवताना घरातली मोठी यंत्रं कशी न्यावीत

बदलीच्या नोकरीत माझी सात बिऱ्हाडं झाली. पहिलं एका जीपमध्ये मावलं होतं. सातवं पुण्याहून चिपळूणला निघालं तेव्हा सोसायटीच्या फाटकाशी टेम्पो उभा होता आणि हमालांतला वयस्कर माणूस मला विचारत होता, “साहेब, फ्रिज आडवा टाकू का? घाटात हलायचा नाही.”

त्याच्या बाजूनं त्याचं बरोबरच होतं. उभा फ्रिज वळणावर डुलतो, आडवा गप्प पडून राहतो. पण तिसऱ्या बदलीत याच प्रश्नाला मी “टाका” म्हणालो होतो. नऊ तास फ्रिज पाठीवर झोपून आला. दूध नासेल म्हणून उतरवल्यावर अर्ध्या तासात मी प्लग लावला. थोडी घरघर झाली, मग ‘खट्’ असा आवाज, मग शांतता. दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी मेकॅनिकने कॉम्प्रेसर बदलला आणि बिल बघून बायको दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

म्हणून या वेळी म्हणालो, “नाही मामा, उभाच न्यायचा. दोरी लागेल तेवढी मी देतो.”

पहिल्यांदाच घर हलवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कपाट, पलंग, भांडी यांचं हमालांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्यात तोंड घालू नये. यंत्रांचं मात्र आपल्यालाच बघावं लागतं.

हलतं काय, वाहतं काय

प्रत्येक यंत्राबद्दल दोनच गोष्टी विचारायच्या. याच्या आत हलणारं काय आहे? आणि वाहणारं काय आहे? हलणारं असेल ते बांधायचं. वाहणारं असेल ते काढून टाकायचं, आणि काढता येत नसेल तर यंत्र सरळ उभं ठेवायचं. फ्रिजमध्ये तेल आणि गॅस वाहतो, वॉशिंग मशीनमध्ये ड्रम हलतो आणि पाणी वाहतं, बॅटरीत ॲसिड असतं. टीव्हीत हलणारंही काही नाही आणि वाहणारंही नाही. तो नुसता वाकतो, आणि वाकला की संपला. यंत्रांचं बहुतेक नुकसान रस्त्यावर होतं असं आपण म्हणतो, पण त्याची तयारी घरातून निघायच्या आधीच्या अर्ध्या तासात झालेली असते. टेम्पोवाला “चला चला” करतोय, लिफ्ट अडवली म्हणून शेजारी कुरकुरतायत, आणि त्या घाईत मशीनमधलं पाणी काढायचं राहून जातं.

आठ-दहा दिवस आधी

टेप घेऊन नव्या घराचं माप काढा. जाणं शक्य नसेल तर घरमालकाला फोन करून काढून घ्या. मुख्य दार, स्वयंपाकघराचं दार, जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दार, एवढं पुरे. फ्रिजचं माप काढताना हँडल आणि मागची जाळी धरून काढा. साइड बाय साइड फ्रिज सुमारे ९० सेंटीमीटर रुंद असतो. तो जुन्या घरांच्या स्वयंपाकघरात फ्रिजची दारं उतरवल्याशिवाय शिरत नाही आणि ती दारं उतरवणं कंपनीच्या माणसाचं काम आहे. त्याला आधी बोलावून ठेवावं लागतं.

मालकाला आणखी एक विचारा: सोळा अँपिअरचे सॉकेट कुठे कुठे आहेत? एसीला, गीझरला आणि हीटर असलेल्या वॉशिंग मशीनला तेच लागतात. जुन्या घरात बाथरूमजवळ पाच-सहा अँपिअरचा साधा सॉकेट असतो, आणि मग माणसं पिन बदलणारा ॲडॉप्टर लावून मशीन चालवतात. असं करू नका. तो ॲडॉप्टर वितळलेला मी पाहिलाय. वायरमनला एक दिवस आधी बोलावून सॉकेट आणि अर्थिंग दोन्ही बघून घ्या.

मग प्रत्येक यंत्राचे फोटो काढा. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, आणि मॉडेल नंबर-सिरीयल नंबर लिहिलेल्या चिकटपट्टीचा जवळून एक. यंत्र चालू असतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही घ्या. पुढे नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर “आधीपासूनच पोचा होता” या वाक्याला तेवढंच उत्तर चालतं.

आणि मूळ खोकी, थर्माकोल माळ्यावर असतील तर खाली काढा. मी ती जपून ठेवतो म्हणून घरात चेष्टा होते, पण बदलीच्या दिवशी कोणी चेष्टा करत नाही.

फ्रिज

फ्रिजची तयारी आदल्या दिवशी सकाळी सुरू होते, निघायच्या दिवशी नाही. भाजी, दूध संपवत आणा. चोवीस तास आधी बंद करून दार उघडं ठेवा, खाली जुनी चादर अंथरा. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये बर्फ दिसत नाही म्हणून पाणी नसतं असं समजू नका. मागे खाली, कॉम्प्रेसरच्या वर, एक उथळ ट्रे असतो. वितळलेलं पाणी तिथे साठतं. तो ट्रे रिकामा केला नाही तर जिन्यात फ्रिज कलला की ते पाणी खाली धरलेल्या माणसाच्या अंगावर येतं. त्याचा वास कसा असतो हे एकदा अनुभवलं की विसरत नाही. सिंगल डोअर फ्रिजमध्ये बर्फ लवकर निघावा म्हणून सुरी, उलथनं काही घालू नका. फ्रीझरच्या पातळ पत्र्याला लागूनच गॅसच्या नळ्या असतात.

काचेचे कप्पे, भाजीचा ट्रे, अंड्याचा खण सगळं बाहेर काढून वेगळं गुंडाळा. कप्पे आतच टेपने चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका, एक जरी सुटला तरी आतलं प्लास्टिक फोडतो. आतून कोरडं पुसून घ्या. वायर गुंडाळून मागे चिकटवा आणि दार बंद करून मास्किंग टेप लावा. खाकी पॅकिंग टेप थेट दारावर लावलीत तर तिचा गोंद पुढचे दोन महिने घासत बसाल.

आता आडव्या-उभ्याचं. कॉम्प्रेसर म्हणजे मागे खाली दिसणारा तो काळा डबा. त्याच्या आत मोटर आणि पंप स्प्रिंगांवर टेकलेले असतात आणि तळाशी तेल असतं. फ्रिज आडवा केला की दोन गोष्टी होतात. तेल कॉम्प्रेसरमधून नळ्यांमध्ये उतरतं, आणि मोटरचं वजन स्प्रिंगांवर तिरकं येतं. वर टेम्पोचे दणके. अशा अवस्थेत लगेच चालू केला तर पंप तेलाविना फिरतो. शिवाय गॅसच्या वाटेवर केसाएवढी बारीक नळी असते, आतून एक मिलीमीटरपेक्षाही अरुंद. तिच्यात तेल अडकलं की थंडावा बंद. माझ्या तिसऱ्या बदलीत यातलं नेमकं काय झालं ते मेकॅनिकने सांगितलं नाही, आणि बिल दिल्यावर मीही विचारलं नाही.

जिन्यात उतरवताना थोडा वेळ कलला तर बिघडत नाही, पण पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त नको. जिन्याचं वळण किंवा गाडीची उंची यांमुळे आडवा करणं अगदीच भाग पडलं तर कुशीवर, बिजागरीची बाजू वर ठेवून. पाठीवर कधीच नाही, कारण तिथे नळ्या असतात. दारावरही नाही. आणि जितका वेळ आडवा राहिला किमान तितका वेळ, जमलं तर पूर्ण दिवस, नव्या घरात उभा ठेवूनच प्लग लावायचा. उभाच आणलेला असला तरी दोन-चार तास थांबावं.

हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो. तो जळणारा आहे. मागच्या पट्टीवर ज्वाळेचं चिन्ह असतं ते बघा. अशा फ्रिजच्या नळीला हिसका बसून ‘सुऽऽ’ आवाज आला तर खिडक्या उघडा, जवळ काडी ओढू नका आणि तिथलं कुठलंही बटण दाबू नका.

वॉशिंग मशीन

इथे जरा जास्त वेळ थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुका याच यंत्राच्या बाबतीत होतात.

फ्रंट लोड मशीन साठ-सत्तर किलो भरतं. एवढ्या लहान डब्याला एवढं वजन कशानं? आत काँक्रीटचे जड ठोकळे बसवलेले असतात. ड्रम मिनिटाला हजारभर फेरे घेतो तेव्हा मशीनने घरभर नाचू नये म्हणून. ड्रम, त्याच्याभोवतीची टाकी आणि ते ठोकळे हे सगळं मिळून वरून स्प्रिंगांना टांगलेलं आणि खालून दांड्यांवर पेललेलं असतं. जागेवर असताना ही रचना उत्तम. टेम्पोत मात्र हे ओझं मोकळं लोंबतं आणि प्रत्येक खड्ड्याला आतल्या आत आपटतं.

त्यासाठी कंपनी मशीनसोबत लांब बोल्ट देते, ट्रान्झिट बोल्ट. तीन किंवा चार असतात. मागच्या पत्र्यातून आत जाऊन ते टाकीला पकडतात. मशीन नवं आलं तेव्हा कंपनीच्या माणसाने ते काढले, भोकांवर प्लास्टिकच्या टोप्या लावल्या आणि बोल्ट तुमच्या हातात देऊन “जपून ठेवा” म्हणाला. ते कुठे आहेत, आठवतंय? आमचे शिवणाच्या डब्यात निघाले, बटणांच्या खाली.

सापडले तर काम सोपं आहे. टोप्या काढा, मागून टाकी हातानं थोडी हलवून भोकासमोर आणा, बोल्ट आणि त्याचा रबरी तुकडा आत सरकवा, बहुतेक दहा किंवा तेरा नंबरच्या पान्याने घट्ट करा. मग दार उघडून ड्रमला धक्का द्या. आधी तो डुलत होता, आता मशीनसकट हललं पाहिजे.

हरवले असतील तर मॉडेल नंबर सांगून सर्व्हिस सेंटरमधून मागवा. म्हणूनच आठ दिवस आधी शोधायचे. लोक यावर एक घरगुती उपाय करतात: ड्रम चादरी-कपड्यांनी गच्च भरायचा. दिसायला शहाणपणाचं वाटतं, कपड्यांची एक पिशवीही वाचते. पण कपड्यांनी ड्रमचा आतला पोकळपणा भरतो. बाहेरची टाकी लोंबतच राहते, उलट तिचं वजन वाढतं. बोल्ट मिळालेच नाहीत तर वरचं झाकण उघडायला लावून मेकॅनिककडून टाकी आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत थर्माकोल किंवा फोम बसवून घ्या. बोल्टची सर त्याला नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

टॉप लोडचं वेगळं. त्यातली टाकी चार कोपऱ्यांतल्या दांड्यांना टांगलेली असते आणि ट्रान्झिट बोल्ट सहसा नसतात. नवं मशीन आलं तेव्हा टबच्या तोंडाशी जो थर्माकोलचा गोल तुकडा होता तो त्याचसाठी होता. तो फेकून दिला असेल तर टब आणि कडेच्या पत्र्यामधल्या फटीत चहूबाजूंनी गुंडाळलेले टॉवेल सारखे दाबून बसवा आणि झाकण टेपने बंद करा.

आता पाणी. नळ बंद करून पाइप सोडवा, बादलीत उलटा करा. फ्रंट लोडच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी झडप असते, तिच्या मागे पंपाचा फिल्टर. खाली परात सरकवा आणि फिल्टर हळूहळू फिरवा. एकदम उघडलात तर परात भरून फरशीवर येईल. दोन-तीन परातींएवढं पाणी निघतं. आमच्या फिल्टरमधून पाण्याबरोबर दोन रुपयांचं नाणं, एक केसाची पिन आणि मुलाच्या शाळेच्या गणवेशाचं बटण निघालं. हे पाणी राहिलं तर ते टेम्पोत गळतं, शेजारच्या गादीत जातं आणि कधीकधी मशीनच्या वायरिंगवरही उडतं.

सेमी ऑटोमॅटिकला यातलं काही लागत नाही. पाणी काढा, ड्रायरचं झाकण बांधा, निघा.

एसी

स्प्लिट एसी स्वतः काढायचा नाही. माझा मेव्हणा यूट्यूब बघून काढायला निघाला होता, त्याला सासूबाईंनी खिडकीतून आत ओढला. पण समोर उभं राहून बघणं आपलं काम आहे, आणि बघताना काय बघायचं ते माहीत हवं.

एसीतला गॅस सोडून न देता बाहेरच्या युनिटमध्ये कोंडून घेतात. त्याला पंप डाउन म्हणतात, कारागीर ‘गॅस लॉक’ म्हणतात. एसी थंड करण्याच्या मोडवर चालू ठेवून आधी बारीक पाइपची व्हॉल्व्ह बंद करायची. कॉम्प्रेसर आतला गॅस ओढून बाहेरच्या युनिटमध्ये आणतो. मग जाड पाइपची व्हॉल्व्ह बंद, आणि लगेच एसी बंद. हा खेळ थोड्याच मिनिटांचा असतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना एसी चालू ठेवणं धोक्याचं आहे. माणसाने एसी चालू न करताच नट सैल केला आणि फुस्स आवाज आला तर समजा गॅस हवेत गेला आणि नव्या गावी तो पुन्हा भरायचा खर्च तुमच्या माथी. हल्लीच्या एसीतला आर-३२ गॅसही थोडाफार जळणारा आहे, तेव्हा त्या वेळी बाल्कनीत कोणी सिगारेट ओढू नये.

पाइप सुटले की त्यांची तोंडं आणि युनिटची तोंडं टोप्यांनी किंवा टेपने लगेच बंद झाली पाहिजेत. पावसाळी हवेत उघड्या तांब्याच्या नळीत ओल शिरते. पाइप मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा, घडी पडली की नळी चिमटते. बाहेरचं युनिट उभंच न्यायचं, फ्रिजसारखंच, आत कॉम्प्रेसर तोच. रिमोट आणि आतलं युनिट जिच्यावर टांगतात ती भिंतीवरची पत्र्याची पाटी एका पिशवीत घालून त्या पिशवीवर ‘एसी’ लिहा. पाटी विसरली की नव्या गावात तुमच्या मॉडेलची पाटी शोधत फिरावं लागतं.

नव्या घरी बसवणाऱ्याला फोनवरच विचारा, “व्हॅक्यूम पंप आहे ना?” पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओल पंपाने खेचून काढावी लागते, त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पुष्कळ जण पंप आणत नाहीत. व्हॉल्व्ह जरा उघडून गॅसच्याच जोरावर हवा हाकलतात आणि मग “गॅस कमी आहे साहेब, भरावा लागेल” म्हणतात. कमी कसा झाला ते आता तुम्हाला माहीत आहे.

टीव्ही आणि किरकोळ

टीव्ही आडवा नको. गादीवर काच वर करून ठेवलेला टीव्ही सुरक्षित दिसतो, पण दणक्याला मध्येच वाकतो आणि पॅनेलला तडा जातो. बाहेरून काच शाबूत दिसते, चालू केल्यावर पडद्यावर शाईचे ओघळ. मूळ खोक्यात उभा न्या. खोकं नसेल तर आधी मऊ सुती कापड, मग फोमची शीट, मग दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा. उचलताना बोटं खालच्या आणि बाजूच्या कडेला, पडद्यावर नाही. आपली गाडी असेल तर ४३ इंचांपर्यंतचा टीव्ही मागच्या सीटवर उभा बसतो. मी तोच एक प्रवासी आपल्यासोबत नेतो, बाकी सगळं टेम्पोत.

मायक्रोवेव्हची काचेची ताटली आणि तिच्याखालचं चाक काढून घ्या. पाण्याच्या प्युरिफायरची टाकी आदल्या रात्री रिकामी करा. गीझर जुना असेल तर न्यावा की नाही याचा एकदा विचार करा. काढणं, बसवणं, नवे पाइप असा सगळा खर्च मोजला तर तो बऱ्याचदा त्या घरीच सोडून येणं परवडतं.

बॅटरी आणि सिलिंडर

इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-आवरची बॅटरी पन्नास-साठ किलोंची असते आणि तिच्यात ॲसिड असतं. आधी इन्व्हर्टर बंद, प्लग काढा, मग काळी म्हणजे निगेटिव्ह वायर सोडा आणि नंतर लाल. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. पाना दोन्ही टोकांना एकदम टेकला तर ठिणगी उडते आणि पाना तापून लाल होतो. टोकांवर रबराचे तुकडे बांधा. बॅटरी उभी, टेम्पोच्या मागच्या कोपऱ्यात, कपड्यांपासून लांब. आमच्या ओळखीतल्या एकांनी ती साड्यांच्या ट्रंकेवर ठेवली होती. ॲसिडचे थेंब कुठे पडले ते महिनाभराने पैठणी उलगडल्यावर कळलं.

भरलेला गॅस सिलिंडर सामानात घालू नका. गावच बदलत असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत परत करा, अनामत परत घ्या आणि ट्रान्सफर व्हाउचर मागून घ्या. नव्या गावी ते दाखवून चालू दराने अनामत भरली की कनेक्शन पुढे चालू होतं. शेगडी आणि नळी आपली. नळीवरची तारीख उलटली असेल तर तीही नवीच घ्या.

जिना आणि टेम्पो

दर ठरवताना “किती मजले, लिफ्ट आहे का, टेम्पो दारापर्यंत येतो का” हे आधीच सांगा. दोन्ही गावांचं. हमाली मजल्यावर ठरते आणि भांडणंही मजल्यावरच होतात. यंत्रांची यादी मोबाइलवर पाठवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी “साहेब, एवढा मोठा फ्रिज सांगितला नव्हता” ऐकावं लागणार नाही.

जिन्यात जड बाजू, म्हणजे कॉम्प्रेसरची किंवा ड्रमची, खाली. खालच्या माणसावर सगळं वजन येतं, तेव्हा ताकदीचा माणूस खाली आणि बोलणारा माणूस वर. बोलणारा एकच हवा. तिघं जण “डावीकडे, नाही नाही उजवीकडे” करायला लागले की कोपरा भिंतीला लागतोच. फ्रिज दाराच्या हँडलला धरून उचलू नये, मागच्या जाळीला धरून तर नाहीच. वॉशिंग मशीन ढकलताना साबणाच्या खणावर किंवा बटणांच्या पट्टीवर जोर देऊ नये. फरशीवरून सरकवायचं असेल तर खाली गोणपाट किंवा जुनी गोधडी घाला. लिफ्टमध्ये यंत्राबरोबर चार माणसं कोंबू नका. एक माणूस आणि यंत्र, बाकीचे जिन्याने.

दोन खोल्यांच्या घराला छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, पुरतो असं लोक सांगतात. त्याच्या हौद्याची लांबी सात फुटांच्या आसपास आणि वजन नेण्याची ताकद साधारण पाऊण टन. कपाट, पलंग आणि ही सगळी यंत्रं यांना तो कमी पडतो, आणि मग जागा करायला फ्रिज आडवा होतो. ज्या प्रश्नानं हा लेख सुरू झाला त्याचं मूळ बहुतेक वेळा गाडी लहान घेण्यात असतं. दोन-तीन हजार वाचवायला जाऊन कॉम्प्रेसर घालवू नका. एक नंबर मोठी गाडी घ्या.

लावताना जड यंत्रं केबिनच्या भिंतीला टेकवून, उभी. फ्रिज आणि मशीनच्या मध्ये गादी. लोखंडी कपाट फ्रिजला टेकून नको, पहिल्याच ब्रेकला त्याची कड दारात घुसते. फ्रिजला दोन ठिकाणी दोरी: एक कमरेला, एक खांद्याला, आणि जिथे दोरी कोपऱ्यावरून वळते तिथे पुठ्ठ्याची घडी. दोरी आवळून फ्रिज हातानं हलवून बघा. तुम्ही हलवलात आणि टेम्पोसकट हललं तर ठीक. पाऊस नसला तरी ताडपत्री लागतेच. आमचा टेम्पो उंब्रजपर्यंत कडक उन्हात होता, कोयनानगरला ढग आले आणि कुंभार्ली घाटात धो-धो. मे महिन्याची अखेर होती.

पहिल्या अर्ध्या-पाऊण तासानंतर चहाला थांबवा आणि दोऱ्या पुन्हा आवळा. सामान बसतं, दोरी सैल पडते. ड्रायव्हरला हे सांगावं लागत नाही असं तो म्हणेल. तरी सांगा.

विमा आणि पावती

पॅकर्स-मूव्हर्सकडून नेत असाल तर लॉरी पावती, म्हणजे बिल्टी, घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. तिच्यावर यंत्रांची नावं आणि किमती लिहून घ्या, ‘घरगुती सामान – १ गाडी’ एवढंच नको. ‘इन्शुरन्स’ म्हणून पैसे घेतले तर विमा कंपनीची पॉलिसी नंबरासह मागा. पुष्कळदा तो विमा नसतोच, वाहतूकदाराने स्वतःच दिलेलं आश्वासन असतं आणि त्याच्या बारीक अक्षरात ‘यंत्राचा आतला बिघाड वगळून’ लिहिलेलं असतं. सामान उतरवताना काही फुटलेलं दिसलं तर पोच देताना त्याच कागदावर लिहा, मगच सही करा. रस्त्याने माल नेण्याच्या २००७ च्या कायद्यानुसार वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पूर्ण पैसे आधी देऊ नका, थोडे उतरवल्यानंतरसाठी राखून ठेवा.

नव्या घरी

हमाल जायच्या आत फ्रिज आणि मशीन अखेरच्या जागी नेऊन ठेवा. “नंतर सरकवू” म्हटलेलं यंत्र महिनाभर हॉलमध्ये राहतं. चिपळूणच्या आमच्या घरमालकांनी तर आधीच विटांचे दोन ओटे बांधून ठेवले होते. “जुलै २०२१ ला पाणी इथवर होतं,” म्हणून त्यांनी भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, बोट टेकवलं. ओट्याचा त्या पाण्यापुढे काय उपयोग, असं मी विचारलं नाही. रोजच्या पावसात अंगणातून आत येणाऱ्या पाण्याला तो पुरतो.

फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे, स्टॅबिलायझरसह. उभं राहायचे तास भरले की रिकामाच चालू करा, रात्रभर गार होऊ द्या, मग सामान भरा. तोवर दुधाची पिशवी शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये. ओळख करून घ्यायला याहून चांगलं निमित्त नाही.

वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट आधी काढा. बोल्ट न काढता चालू केलं तर पहिल्याच पिळायच्या फेरीला मशीन चालत बाथरूमबाहेर येतं आणि आतली चौकट वाकते. चारही पाय फिरवून पातळी करा. वर पाण्याचा पेला ठेवून बघितलं तरी कळतं. मग कपडे न घालता एक छोटी फेरी चालवा आणि पाइपाच्या जोडाशी बोट लावून ओल बघा. बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी मशीनच्या मागेच टेपने चिकटवून टाका. शिवणाच्या डब्यात नको.